चिमाऊच्या सिनेमातला फितूर

असिस्टंट प्रधाननं माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घालून तोंड वर केलं. आधी डावीकडं वळवलं, मग उजवीकडं. बाजारात बैल बघावा तसं बघितलं मला. मग मागं वळून डायरेक्टरला ओरडून म्हणाला, "सर, हा चालेल. डोळे बोलके आहेत."

"कशाला चालेल?" मी विचारलं.

"महादरवाजा उघडायला. क्लोजअप आहे तुझा. क्लोजअप म्हणजे काय कळतं का? सबंध पडद्यावर एकटं तुझं तोंड."

माझ्या मागं रांगेत आमच्या आळीचे चौदा-पंधरा जण उभे होते. सगळे गनिमाच्या वेषात, उन्हात घामाघूम. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. माझा बाप यसबा रांगेच्या शेवटाला उकिडवा बसला होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

आता तुम्हाला आमचं सोनघळ ठाऊक असायचं काही कारण नाही, म्हणून सांगतो. वर किल्ला, खाली गाव. या किल्ल्यावर चिमाऊराणीनं गनिमाला अडीच महिने दमवलं. मग कुणीतरी एका रात्री मागचा चोरदरवाजा उघडून दिला आणि गनीम आत शिरला. राणी घोड्यावर बसली, महादरवाजा उघडायला लावला आणि त्या सगळ्यांना किल्ल्यावरून हाकलत खाली गावाच्या वेशीपर्यंत आणलं. वेशीवर ती पडली. तिथं तिचा चिरा आहे, शेंदूर लावलेला.

चोरदरवाजा कुणी उघडला? गाव म्हणतं, खालच्या आळीतल्या माणसानं. त्याचं नाव काय, त्यानं काय म्हणून उघडला, ते विचारलंत तर कुणाला सांगता येत नाही. पण खालची आळी म्हणजे आमची अकरा घरं. शाळेच्या पटावर आम्ही साळोखे, आणि गावाच्या तोंडी दारउघडे.

दर चैत्रात राणीची यात्रा भरते. त्या दिवशी 'पिटाळणी' होते. सगळं गाव म्हणजे राणीची फौज आणि आमची अकरा घरं म्हणजे गनीम. निरगुडीच्या ओल्या छड्या घेऊन गाव मागं लागतं आणि आम्ही देवळापासून वेशीपर्यंत पळायचं. म्होरक्याच्या डोक्याला काळा पटका. त्यानं वेशीवर चिऱ्यापुढं गुडघे टेकायचे आणि बायकांनी त्याच्या डोक्यावर शेणकाला ओतायचा. तो पटका आमच्या घरात. माझ्या बापानं तो बत्तीस वर्षं बांधला. थोरला मुलगा एकविसाचा झाला की पटका त्याच्या डोक्यावर जातो आणि मग त्याचा मुलगा एकविसाचा होईतोवर त्याची सुटका नाही. त्याच्यामागनं त्याचा मुलगा. मला त्या वेळी विसावं सरत आलं होतं.

मी मॅट्रिक झालेला माणूस. मला तो पटका नको होता. बापाला तसं एकदा सांगितलंही. बाप म्हणाला, "मला तरी कुठं हवा हुता?" आणि वैरण टाकायला उठून गेला. तिथं विषय संपला.

तर अशा गावात, एका मार्गशीर्षात, मुंबईची कंपनी चिमाऊवर सिनेमा काढायला आली. गावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाटलांच्या वाड्यात हिरॉईन उतरली. गावातल्या माणसांना फौजेत कामं मिळाली. वरच्या आळीला राणीचे मावळे केलं आणि आम्हाला गनीम. कंपनीला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही, गावानं आपसूक तशा दोन रांगा लावल्या.

प्रधाननं मला एक कागद दिला. "वाचता येतं ना? वाचून ठेव. संवाद नाही, पण भाव कळला पाहिजे. ऊन उतरायच्या आत घ्यायचंय."

कागदावर वर सीनचा नंबर होता आणि खाली पाच ओळी. मी त्या वाचल्या. दरवाजाच्या पायरीवर बसलो आणि पुन्हा एकदा सावकाश वाचल्या. मग कागदाची घडी घालून मुठीत धरली.

तेवढ्यात टाचा वाजवत जयसिंग आला. जयसिंग म्हणजे आबा पाटलांचा एकुलता एक. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, रंगानं उजळ, मिशीला पीळ. त्याला राणीच्या सरदाराचं काम होतं, पण घोड्यावर, तेही मागच्या ओळीत. तीन दिवस तो घोड्यावर बसून होता आणि कॅमेरा एकदाही त्याच्याकडं वळला नव्हता. बातमी त्याच्या कानावर गेली होती.

"महादरवाजा कोण उघडतंय म्हणे?" त्यानं प्रधानला विचारलं.

"हा," प्रधाननं माझ्याकडं बोट केलं.

जयसिंग हसला. रागानं माणूस हसतो तसं. "साहेब, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला कळायचं नाही. यात्रेत राणीची पालखी निघते तेव्हा देवळाचं दार आमचे आबा उघडतात. त्यांच्या आधी आजोबा उघडायचे. चिमाऊसाठी दरवाजा उघडायचा मान पाटलांचा. आणि तुम्ही तो कुणाला देताय? दारउघड्यांना?" आपल्याच बोलण्यातली गंमत त्याच्या ध्यानात आली नाही. मागं गनिमाच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

प्रधाननं घड्याळ बघितलं. त्याला कुणाच्या मानापानाशी काय देणंघेणं? त्याला ऊन चाललेलं दिसत होतं. "कुणीही उघडा हो. तुझी हरकत आहे का रे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बापही.

मी उठून उभा राहिलो. "माझी कसली हरकत? मान जयसिंगरावांचाच आहे."

"बघा," जयसिंग प्रधानला म्हणाला. "गावाची रीत गावच्या माणसाला बरोबर कळते."

"कागद?" प्रधाननं विचारलं.

"कागद कशाला? मला नुसतं सांगा काय करायचं ते," जयसिंग म्हणाला. लिहिलेलं वाचायचं म्हटलं की त्याला शाळेपासून कंटाळा. कागद माझ्या मुठीतच राहिला.

प्रधाननं त्याला भरभर सांगितलं. हातात मशाल घ्यायची, अडसर काढायचा, दोन्ही फळ्या ओढायच्या आणि बाहेर बघून हसायचं.

"दिवसाढवळ्या मशाल कशाला?"

"कॅमेऱ्याला निळी काच लावली की रात्र होते. ते आमच्यावर सोडा."

"आणि मी कोण?"

"किल्लेदाराचा खास माणूस."

जयसिंगची छाती फुगली. दरवाजाच्या बाहेर कोण उभं असणार, हे त्यानं विचारलं नाही. बाहेर तर काही नव्हतंच. गाडीवर कॅमेरा होता आणि त्याच्यामागं चहाची किटली घेतलेला एक माणूस. जयसिंग त्या किटलीकडं बघून असा काही हसला की डायरेक्टर पहिल्याच वेळेला "ओके" म्हणाला. आमच्या आळीनं गनिमाच्या वेषात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी जाताना बाप म्हणाला, "येवडं तोंड दिसणार हुतं तुझं. दिलंस सोडून."

"जाऊ दे."

"गेलंच की," बाप म्हणाला.

पुढं सव्वा वर्ष जयसिंगनं गावाला दुसरं काही बोलू दिलं नाही. पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं जाईल तिथं "आमचा क्लोजअप". मधल्या यात्रेत माझ्या बापाच्या पाठीवर जयसिंगनं निरगुडीची छडी ओढली तीसुद्धा सरदाराच्या रुबाबात. त्या रात्री आई बापाच्या पाठीला तेल लावत होती. मी शेजारी बसलो होतो. आई मला म्हणाली, "नीट बघून ठेव. फुडल्या साली तुझ्या बायकूला हेच करायचंय. मिळाली तर." आमच्या आळीत पोरगी द्यायला लोक का-कू करायचे, म्हणून ती तसं म्हणाली.

मग फाल्गुनात सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला लागला. यात्रेला महिना राहिला होता. मला एकवीस पूर्ण झाली होती आणि आईनं पेटीतून पटका काढून उन्हात टाकला होता.

रविवारचा बाराचा खेळ. आबा पाटलांनी उसाच्या दोन ट्रॉल्या काढल्या. बायकांनी भाकऱ्या बांधून घेतल्या, म्हातारी माणसं अंगावर धुवट घालून आली. म्हादबा गुरव राणीच्या चिऱ्याचा अंगारा घेऊन आला होता, तो त्यानं तिकीट फाडणाऱ्यालाही लावला. जयसिंगनं नवा कोट शिवला होता. त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीकडची पाचसहा माणसं मुद्दाम सिनेमाला यायची होती. ती बाल्कनीत आबांच्या शेजारी बसली. आम्ही खाली बाकांवर.

सिनेमा सुरू झाला आणि वीस मिनिटांत कळलं की आपण फसलो.

काय सांगू तुम्हाला. आमची चिमाऊ झोपाळ्यावर बसून गाणं म्हणत होती. गाणं संपलं, ती रडली. रडून झाल्यावर बागेत गेली, तिथं एक राजपुत्र उगवला, मग दोघांचं गाणं. सोनघळात बाग कुठली आली? वर प्यायला पाण्याची पंचाईत. घोड्यावर बसली तर घोड्याचं नुसतं तोंड दिसायचं आणि ती लाकडाच्या ओंडक्यावर हलल्यासारखी हलायची. फौज म्हणून आम्ही दोनशे माणसं उन्हात तीन दिवस नाचलो होतो, ती पडद्यावर एवढीशी, आणि मागं विजेचा खांब. मध्यंतरापर्यंत तलवार म्यानातून निघाली नाही.

"ही न्हवं आपली," आमच्या पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली. "ही कुणीतरी दुसरीच."

"गप बस आज्जी, पुढं हाय लढाई."

"कवा हाय? मी मेल्यावर?"

म्हादबा गुरवानं अंगाऱ्याची पुडी खिशात परत घातली. मध्यंतरात बायकांनी भाकऱ्या सोडल्या आणि नुसत्या हातात धरून बसल्या. सगळ्यांचं तोंड पडलं होतं. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. अहो, राणी आमचीही होतीच की. दरसाल मार खाऊन का होईना, आम्ही तिच्याच चिऱ्यापुढं गुडघे टेकत होतो.

"जयसिंगरावांचा सीन येऊ दे," कुणीतरी म्हणालं. "तेवढा बघू आन् उठू."

मध्यंतरानंतर पाऊण तासानं तो आला.

पडदा निळा झाला, म्हणजे रात्र झाली. गनिमाच्या तंबूत दोन माणसं बसली होती. एकानं सोन्याचं कडं पुढं केलं. दुसऱ्याचा नुसता हात दिसला, त्यानं ते कडं घेतलं आणि मुठीत दाबलं. मग किल्ल्याचा महादरवाजा. मशाल आली. मशालीच्या मागनं एक तोंड आलं आणि सबंध पडदाभर पसरलं.

जयसिंग पाटील.

आमच्या दोन्ही ट्रॉल्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले आणि ते तसेच राहिले. पडद्यावर जयसिंगनं इकडंतिकडं बघितलं, अडसर काढला, दोन्ही फळ्या ओढल्या आणि बाहेर बघून हसला. ते किटलीकडं बघून हसलेलं हसू. दरवाजाच्या बाहेर गनीम उभा होता. आमची अकरा घरं. सगळ्यात पुढं माझा बाप. आम्ही त्याच्या शेजारून ओरडत आत शिरलो. पडद्यामागनं जाड आवाज आला, "हाय रे दैवा, किल्लेदाराचाच माणूस फितूर झाला."

चोरदरवाजा कधीच ढासळला होता. तिथं कॅमेराही चढत नव्हता. म्हणून कंपनीनं फितुरी महादरवाजातून करून टाकली होती, आणि त्यांच्या दृष्टीनं त्यात काही बिघडलं नव्हतं.

टॉकीजात दुसऱ्या गावांची माणसं होतीच. त्यांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या. एकानं वहाण काढून पडद्यावर फेकली, ती जयसिंगच्या मिशीला लागली. आमच्या मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "कुठल्या गावचं म्हणायचं हे बेणं?" सोनघळची माणसं बाकाखाली आपापल्या वहाणा शोधायला वाकली.

मी मागं वळून बाल्कनीकडं बघितलं. मुलीकडची माणसं उठून चालली होती.

परतताना ट्रॉलीत बाप माझ्या शेजारी बसला होता. वाटेत त्यानं मला हळूच विचारलं, "त्या कागदावर काय लिवलं हुतं?"

"घरी सांगतो," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि मग घरी गेल्यावर काही विचारलं नाही.

सिनेमा टॉकीजातनं आठव्या दिवशी उतरला. मुंबईतही तो आपटला असं पेपरात आलं. पण आमच्या तालुक्यात जेवढ्यांनी बघायचा तेवढ्यांनी बघितला होता. जयसिंग मंगळवारच्या बाजाराला गेला तर भाजीवाल्यानं विचारलं, "मालक, घराला कडी लावून आलाय का?" साखर कारखान्याच्या सभेत मागनं कुणीतरी "कडं दाखवा की" म्हणालं. लग्नाची बोलणी थांबली. मुलीच्या बापानं निरोप धाडला की सिनेमावाले काहीतरी माहीत करूनच दाखवत असणार, उगाच कसं दाखवतील? जयसिंगनं बाहेर पडायचं सोडलं. "तो हात माझा नव्हता," एवढंच तो येईल त्याला सांगायचा. खरंच नव्हता तो हात. कंपनीतल्याच कुणाचातरी होता. पण हे कुणाकुणाला सांगणार?

यात्रेच्या आठ दिवस आधी सकाळी आबा पाटलांनी देवळात बैठक बोलावली. कंपनीला अर्ज करायचा, तो सीन कापायला लावायचा, त्यावर सबंध गावाच्या सह्या घ्यायच्या. अर्ज लिहायला अक्षर चांगलं म्हणून मला पुढं बोलावलं. खालच्या आळीची माणसं नेहमीसारखी दाराशी, वहाणांजवळ बसली होती. मी त्यांच्यातून उठून आत गेलो आणि आबांच्या समोर मांडी घालून बसलो.

आबा सांगत होते, मी लिहीत होतो. आबांना अर्ज सांगायची चांगली सवय. "लिही. सदरहू प्रसंगास कोणताही लेखी पुरावा नाही. लिहिलंस? ज्या गोष्टीस पुरावा नाही, ती एखाद्या घराण्याच्या माथी मारणे हा घोर अन्याय आहे. त्यामुळे त्या घराण्याच्या मुलाबाळांना समाजात तोंड दाखवणे अशक्य झाले असून त्यांची लग्नकार्ये अडली आहेत. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी उभा राहून मोठ्यानं वाचलं. एकेक शब्द सुटा करून, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा. वाचून झाल्यावर सगळे 'बरोबर, बरोबर' म्हणाले. मी खाली बसलो नाही.

"आबा, एक ओळ वाढवू का?"

"कुठली?"

"सोनघळच्या खालच्या आळीतील अकरा घरांच्या बाबतीतही असाच कोणताही पुरावा नसून, त्यांच्यावरील आरोप गाव आजपासून मागे घेत आहे."

आबांचा चेहरा तांबडा झाला.

"ते वेगळं आहे," आबा म्हणाले.

"कसं वेगळं?"

"ते पूर्वीपासून चालत आलंय."

"म्हणजे चालत आलं की खरं होतं? मग तुमचंही चालू दे. सिनेमा आत्ताच आलाय. दोनशे वर्षांनी पाटलांच्या पोरांना पटका बांधायला काढतील, त्या वेळी तेही म्हणतील पूर्वीपासून चालत आलंय."

"सया, तोंड सांभाळ."

"ही ओळ नसली तर आमच्या अकरा घरांची एकही सही यावर पडायची नाही. आणि आबा, सिनेमात दरवाजातून आत शिरलेले आम्ही आहोत. कंपनीनं साक्ष विचारली तर ती आम्हालाच विचारतील."

दाराजवळ हालचाल झाली. वळून बघितलं तर खालच्या आळीची सगळी माणसं उभी राहिली होती. बापसुद्धा. बैठकीत त्याला उभा राहिलेला मी कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात खांबामागनं जयसिंग पुढं आला. तीन आठवड्यांत निम्मा झाला होता. मिशीचा पीळ गेला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "कागद तू वाचला होतास. तुला त्या दिवसापासून ठाऊक होतं."

"होतं."

देवळात एकदम गलका झाला. आबा उठायला लागले, त्यांना म्हादबा गुरवानं हाताला धरून खाली बसवलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते काम केलं असतं?"

"मरून गेलो असतो पण केलं नसतं."

"मग मी कसं करायचं, जयसिंगराव? तुम्ही एकदा केलंत तेही न कळता, खोट्या दाढ्या लावलेल्या माणसांसाठी. मला येत्या मंगळवारी करायचंय. सगळं ठाऊक असून. मग दरसाल. माझ्या पोराला, त्याच्या पोराला."

जयसिंगनं हात उगारला असता तर मी मुकाट मार खाल्ला असता. तो अधिकार त्याचा होता, हे मी आजही म्हणतो. मी त्याच्याशी वाईटच वागलो. पण त्यानं हात उगारला नाही. तो माझ्या खांद्यावरून दाराकडं, माझ्या बापाकडं बघत होता.

"यसबाकाका," तो म्हणाला. आजवर तो माझ्या बापाला नुसतं 'यसबा' म्हणायचा. "मागच्या साली मी तुमच्या पाठीवर छडी मारली होती. लागली होती का?"

बाप गडबडला. त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "लागती तर काय," तो म्हणाला. "वली असती नव्हं निरगुडी."

जयसिंगनं माझ्या हातातला टाक घेतला. कागद खांबाला लावला आणि त्यानं माझ्या ओळीखाली पहिली सही केली. अक्षर अगदी दुसरीतल्या पोराचं. मग वळून आपल्या बापाला म्हणाला, "आबा, माझे तीन आठवडे कसे गेले, तुम्हाला ठाऊक आहे. आता जास्ती बोलू नका."

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. शेवटी त्यांनी हात पुढं केला आणि टाक मागितला.

सह्या झाल्या, अंगठे झाले. मग म्हादबा गुरवानं डोकं खाजवत विचारलं, "समदं बरं झालं, पर मंगळवारी गनीम कोण हुयाचा? पिटाळणी न्हाई झाली तर चिमाऊ कोपंल."

कुणी कुणाकडं बघेना. वरच्या आळीतले मिशाळ लोक खाली मान घालून फरशी बघायला लागले.

"चिठ्ठ्या टाका," कुणीतरी म्हणालं.

"पुढच्या सालापासनं टाका," जयसिंग म्हणाला. "यंदा पटका मला द्या. नाहीतरी सगळ्या तालुक्यानं मला बघितलंच आहे, आता लाजायचं काय राहिलंय?"

पहिल्यांदा माझा बाप हसला. मग आमची आळी हसली. मग सगळं देऊळ हसलं, आबासुद्धा, नाखुशीनं.

मंगळवारी सकाळी देवळासमोर सगळं गाव जमलं. जयसिंगच्या डोक्याला काळा पटका, बरोबर वरच्या आळीतली त्याच्या जिवाची वीसएक पोरं. इकडं राणीची फौज. त्या फौजेत, माणसाला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, साळोख्यांची अकरा घरं. म्हादबानं सगळ्यांना अंगारा लावला आणि निरगुडीच्या छड्या वाटल्या. माझ्या बापाच्या हातात छडी आली तेव्हा त्यानं ती उलटी धरली. शेंड्याकडनं. मारणारा ती कशी धरतो हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मी ती सुलटी करून त्याच्या मुठीत दिली.

"मारू का खरंच?" त्यानं मला विचारलं.

"मारा. लागली तर लागली."

ढोल वाजला. राणीचा जयजयकार झाला. जयसिंग पळाला, आणि गावानं त्याच्या मागं धूम ठोकली.

बाप पहिली दहा पावलं अवघडल्यासारखा चालला. मग पळायला लागला. मग मी बघतोय तो त्रेपन्न वर्षांचा माझा बाप धोतराचा सोगा खोचून सगळ्या गावाच्या पुढं गेला होता, छडी डोक्यावर फिरवत होता आणि ओरडत होता. घरात दोन शब्दांपलीकडं न बोलणारा माणूस, बत्तीस वर्षं ज्या शिव्या ऐकल्या त्या सगळ्या एका दमात, एकही न विसरता, पाटलांच्या पोराला घालत होता. मी त्याच्या मागं पळत होतो आणि मला रडू आवरत नव्हतं.

वेस आली. जयसिंगनं चिऱ्यापुढं गुडघे टेकले, बायका शेणकाला घेऊन पुढं झाल्या. पिटाळणी तिथं संपते. पण त्याच्याबरोबरची वीस पोरं भिऊन थांबलीच नाहीत आणि बापही थांबला नाही. तो चिऱ्याला हात लावून, तोच हात कपाळाला टेकवून, तसाच पुढं सुटला. ओढ्याच्या उतारावर गेला, ओढा ओलांडला, पलीकडच्या शिवारात शिरला. वरच्या आळीची पोरं उसातनं वाट फुटेल तिकडं पळत होती आणि मागं माझा एकटा बाप.

डोक्यावरनं शेणकाला निथळत असलेला जयसिंगही तिकडं बघत राहिला. "अरे सया, थांबव त्यांना," तो म्हणाला. "दम लागून पडतील."

मी पुढं निघालो तर आईनं माझा सदरा धरला. तिच्या हातात रिकामं मडकं होतं. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आजवर फुडनं पळालं ते. आज त्यास्नी मागनं पळू दे."